इंटरनेट कंपनीकडून कॉपीराइटची नोटीस आल्यास काय करावे : कोकणातील घरमालक आणि होमस्टेचालकांसाठी

दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत घरोघर फायबर आले आणि एका जोडणीवर किती माणसे बसतात याला धरबंध राहिला नाही. घरची मंडळी, होमस्टेतील पाहुणे, गणपतीला आलेले चाकरमानी, शेजारची अभ्यासाला येणारी मुले असे सगळे एकाच वाय-फायवर असतात आणि कंपनीच्या दप्तरी नाव मात्र एकाचेच असते. यांपैकी कोणी टोरेंटने (फाइलचे तुकडे एकमेकांत वाटून उतरवण्याच्या तंत्राने) नवा चित्रपट उतरवला, की काही दिवसांनी खातेदाराच्या ईमेलवर इंग्रजीत एक पत्र येऊन पडते. आपल्या जोडणीवरून कॉपीराइटचे उल्लंघन झाल्याची तक्रार आली आहे, असे पुन्हा झाल्यास सेवा खंडित करण्यात येईल, असा त्याचा आशय असतो. मी गुहागर तालुक्यात होमस्टे चालवतो. मला असे पत्र आले, पुढे ओळखीच्या काहींनाही आले, आणि प्रत्येक ठिकाणी पहिले दोन दिवस घाबरण्यात व चुकीच्या माणसांना फोन करण्यात गेले. ते टळावे म्हणून हे टप्पे लिहून काढले आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. नोटीस जोडणीवर येते, माणसावर नाही. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे आणि जमीन कसणारा भलताच, असा प्रकार आपल्याकडे नवा नाही. आयपी पत्त्याचे, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीच्या क्रमांकाचेही तसेच आहे. त्यावरून बिल कोणाच्या नावाने निघते एवढे कळते, त्या वेळी यंत्रापुढे कोण बसले होते हे कळत नाही. पुढील सर्व टप्पे याच एका फरकावर उभे आहेत.

१. आलेला कागद नक्की कोणाचा, हे आधी ठरवा

सरसकट सगळ्यालाच ‘नोटीस’ म्हटले जाते, परंतु त्यात किमान पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीला वेगळे उत्तर लागते.

पहिली म्हणजे सेवा पुरवठादाराचा ईमेल. चित्रपट, संगीत किंवा सॉफ्टवेअर कंपनीच्या वतीने नजर ठेवणारी एखादी संस्था आयपी पत्त्याच्या मालक कंपनीला तक्रार पाठवते आणि ती कंपनी ती तक्रार पुढे आपल्याकडे ढकलते. अशा तक्रारी बहुधा परदेशातून येतात. तक्रारदाराला या टप्प्यावर आपले नाव किंवा पत्ता माहीत नसतो.

दुसरी म्हणजे पडद्यावर दिसणारा ‘हे संकेतस्थळ न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने बंद आहे’ असा मजकूर. हा आपल्यावरील आरोप नव्हे. उच्च न्यायालये चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी असे आदेश देत असतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तर त्याच संकेतस्थळांची नव्या नावाने उघडलेली रूपेही बंद करता येतील, असा आदेश दिला. त्या आदेशाचे पालन कंपनीला करावेच लागते. २०१६ मध्ये या पानांवर ‘नुसते पाहणे हाही गुन्हा आहे’ अशा थाटाचा इशारा झळकू लागला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या शब्दरचनेवर आक्षेप घेतला आणि गुन्हा पाहण्यात नसून विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे यांत आहे, असे स्पष्ट केले. तेव्हा असे पान दिसले म्हणून कोणालाही फोन करण्याचे कारण नाही.

तिसरी म्हणजे हक्कधारकाच्या वकिलाची, नाव-पत्त्यासह आलेली नोटीस. चौथी म्हणजे पोलिसांची. या दोन्हींसाठी आठवा टप्पा पाहावा.

पाचवी म्हणजे निव्वळ बनावट. ‘प्रकरण मिटवण्यासाठी या दुव्यावर अमुक रुपये भरा’, ‘अधिकारी व्हिडिओ कॉलवर बोलतील, तोपर्यंत कॉल बंद करू नका’ असे काही असेल, तर ते फसवणुकीचेच समजावे. सेवा पुरवठादार तक्रारदाराच्या वतीने तडजोडीची रक्कम गोळा करत नाही आणि व्हिडिओ कॉलवर अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. खरे-खोटे पडताळण्यासाठी ईमेलमधील क्रमांकावर फोन न करता आपल्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर करावा.

२. नोटिशीतील चार गोष्टी काढून कागदावर लिहा

खऱ्या तक्रारीत सहसा चार तपशील असतात: आयपी पत्ता, पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरील वेगवेगळे संपर्क ओळखण्याचा आकडा), दिनांक-वेळ आणि फाइलचे नाव. पत्राची बाकीची दोन पाने कायद्याच्या धाकाची असतात. ती नंतर वाचली तरी चालतात.

सर्वाधिक घोटाळा वेळेत होतो. परदेशी तक्रारींत वेळ बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. नोटिशीत ‘४ सप्टेंबर, २०:४५ यूटीसी’ असे असेल, तर आपल्याकडे ती ५ सप्टेंबरची पहाट, २ वाजून १५ मिनिटे होते. म्हणजे नुसता तास नव्हे, तारीखही बदलते. चार तारखेला संध्याकाळी खोली सोडून गेलेल्या पाहुण्याला पहाटेच्या फाइलसाठी दोषी धरणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि तो पाहुणा तोपर्यंत पुण्यात घरी झोपला होता.

दुसरा घोटाळा आयपी पत्त्याचा. जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे असल्यामुळे अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटून देतात. आपल्याकडे तसे आहे का, हे घरीच तपासता येते. राउटरच्या स्थिती दाखवणाऱ्या पानावर ‘वॅन’ या नावापुढील पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी किंवा १० ने सुरू होत असेल, तर आपण वाटणीच्या पत्त्यावर आहात. अशा वेळी नेमका ग्राहक शोधायला कंपनीला पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळ दोन्ही लागतात. नोटिशीत पोर्ट नसेल, तर ‘ही तक्रार माझ्याच जोडणीशी कशी जुळवली’ हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि तो विचारावाच.

तिसरी गोष्ट फाइलच्या नावाची. टोरेंट हे तंत्र स्वतः बेकायदा नाही. लिनक्सच्या प्रती, मुक्त परवान्याची सॉफ्टवेअर, कॉपीराइटची मुदत संपलेली पुस्तके त्याच वाटेने अधिकृतपणे मिळतात. फाइल या जातीची असेल, तर तक्रारच चुकीची आहे.

३. टोरेंटमध्ये घेणारा हा देणाराही असतो

हा टप्पा कृतीचा नाही, पण तो समजल्याशिवाय उत्तर नीट लिहिता येत नाही. संकेतस्थळावरून फाइल उतरवताना ती एका ठिकाणाहून आपल्याकडे येते. टोरेंटमध्ये फाइलचे लहान तुकडे होतात आणि ती उतरवणारी सगळी यंत्रे ते तुकडे एकमेकांना देत असतात. आपल्याकडे पहिला तुकडा आला, की तो पुढे वाटायलाही सुरुवात होते. त्या घोळक्यात सामील असलेल्या प्रत्येकाचा सार्वजनिक आयपी पत्ता इतरांना दिसतो. नजर ठेवणाऱ्या संस्था त्याच घोळक्यात शिरून ही यादी टिपतात. कोणी आपल्या घरात डोकावलेले नसते. ‘मी फक्त बघायला घेतला, कोणाला दिला नाही’ हा बचाव टोरेंटच्या बाबतीत म्हणूनच लंगडा पडतो.

त्यातून पुढची अडचण निर्माण होते. टोरेंटचे सॉफ्टवेअर संगणक सुरू होताच आपोआप सुरू होईल, अशी त्याची मांडणी अनेकदा असते. भाच्याने मुंबईत असताना उतरवलेला चित्रपट त्याच्या लॅपटॉपमध्ये असतो. गणपतीला तो इथे येतो, लॅपटॉप पडवीत चार्जिंगला लावून आरतीला बसतो आणि तेवढ्यात आपल्या जोडणीवरून वाटप सुरू झालेले असते. त्याने इथे काहीच उतरवलेले नसते आणि तो ते अगदी खरे सांगत असतो. टीव्हीला जोडायचे स्वस्तातले अँड्रॉइड डबे आणि ‘सगळे चित्रपट फुकट’ देणारी, अधिकृत दुकानाबाहेरची ॲप्स यांतही काही वेळा हेच तंत्र लपलेले असते. घरात कोणाला टोरेंट हा शब्द माहीत नसताना नोटीस आली, तर आधी त्या डब्याकडे पाहावे.

४. वाटप थांबवा, पण पुसू काही नका

ज्या यंत्रावर संशय आहे त्याचे टोरेंट सॉफ्टवेअर बंद करावे आणि वाय-फायचा पासवर्ड बदलावा. एवढे झाले की थांबावे. घाबरून लॅपटॉप फॉरमॅट करणे किंवा राउटरचे बारीक छिद्रातले बटण टाचणीने दाबून तो कोरा करणे, हे दोन्ही टाळावे. पुढे प्रकरण पोलिसांपर्यंत गेलेच, तर पुरावा नष्ट केल्यासारखे ते दिसते. आणि आपली बाजू मांडायला उपयोगी पडणारी नोंदही त्यात जाते.

ती नोंद अशी घ्यावी. राउटरच्या पानावर (बहुतेक ठिकाणी पत्ता १९२.१६८.१.१ असतो, लॉगिनची माहिती डब्याखाली चिकटवलेली असते) जोडलेल्या यंत्रांची यादी आणि राउटरची स्वतःची नोंदवही (लॉग), दोन्ही मिळतात. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायला वेगळी, बनवलेली ओळख देतात, त्यामुळे यादीतील क्रमांक फोनच्या मूळ क्रमांकाशी जुळेलच असे नाही. आणि आपल्याकडे वीज गेली की राउटरचे घड्याळही जाते. लाइट आल्यावर इंटरनेटशी संपर्क होईपर्यंत कित्येक राउटर १ जानेवारी १९७० ही तारीख धरून बसतात आणि नोंदी त्याच तारखेने करतात. नोंदवहीत १९७० दिसले, तर ती बिघडलेली नाही; त्या वेळी वीज गेली होती किंवा राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता एवढाच बहुधा त्याचा अर्थ, आणि महावितरणचा खंडित पुरवठ्याचा संदेश फोनमध्ये असेल तर तोही जपून ठेवावा.

५. कंपनीचे धोरण आणि कायदा यांतील फरक समजून घ्या

आधी बाहेरच्या देशांत काय चालते ते पाहू. फ्रान्सने २००९ मध्ये कायदा करून पायरीपायरीने इशारे देण्यासाठी ‘हादोपी’ नावाची स्वतंत्र यंत्रणा उभारली होती. २०२२ पासून तिचे काम ‘आर्कोम’ या नव्या नियामक संस्थेकडे गेले. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी चित्रपट व संगीत उद्योगाशी करार करून सहा इशाऱ्यांची योजना २०१३ मध्ये सुरू केली आणि २०१७ मध्ये ती गुंडाळली. तिथे १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार कायदेशीर संरक्षण हवे असेल, तर वारंवार उल्लंघन करणाऱ्याची सेवा बंद करण्याचे धोरण कंपनीकडे असावे लागते. कॉक्स या इंटरनेट कंपनीविरुद्ध २०१९ मध्ये ज्युरीने १०० कोटी डॉलरची भरपाई ठरवली ती याच वादात, आणि २०२४ मध्ये अपिलात ती रक्कम रद्द झाली. इंटरनेटवर जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतांशी या देशांचे असतात. ते इथे जसेच्या तसे लावू नयेत. उलट, घरातले कोणी शिकायला जर्मनीत असेल, तर त्याला जरूर सांगावे, की तिथे अशा प्रकरणी वकिलाचे पत्र थेट घरी येते आणि त्यात रकमेची मागणी खरीच असते.

भारतात ‘अमुक इशाऱ्यांनंतर जोडणी तोडा’ असा कोणताही कायदा नाही. कंपनी जे करते ते दोन आधारांवर. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ नुसार मध्यस्थाला, म्हणजे नुसती वाहतूक करणाऱ्याला, ग्राहकाच्या कृत्यापासून संरक्षण मिळते, पण त्यासाठी त्याने योग्य दक्षता घ्यावी लागते. ती दक्षता कोणती, हे २०२१ च्या नियमांत आहे: इतरांच्या कॉपीराइटचे उल्लंघन करू नका असे ग्राहकांना सांगणे आणि न पाळल्यास सेवा बंद करण्याचा अधिकार कंपनीकडे आहे हे ठरावीक काळाने कळवणे. दुसरा आधार आपल्या सहीचा. जोडणी घेताना भरलेल्या अर्जाच्या मागे बारीक अक्षरांत ज्या अटी असतात, त्यांत ‘बेकायदा वापर’ हे कलम हमखास असते. केबलवाला सही घेतो तेव्हा ती बाजू कोणी उलटून पाहत नाही, आता पाहावी. पूर्वसूचना किती दिवसांची, सेवा तात्पुरती थांबवणार की कायमची, ठेव परत मिळणार का आणि खुलाशाची संधी आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे तिथे शोधावीत.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने २१ दिवसांची एक मुदत आली. त्यावरून ‘एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही की नोटीस रद्द’ असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ती मुदत दुवे किंवा मजकूर उपलब्ध करून देणाऱ्या मध्यस्थासाठी आहे. तक्रारीनंतर तो मजकूर किती दिवस रोखून धरायचा, एवढाच तिचा विषय. आपल्या जोडणीवरील तक्रारीशी तिचा संबंध नाही.

६. कागदपत्रे जमवा

उत्तर लिहिण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये घालाव्यात:

– नोटिशीचा मूळ ईमेल, पाठवणाऱ्याच्या पूर्ण पत्त्यासह. नुसता फोनवरचा फोटो पुरत नाही
– जोडणीचा अर्ज, ग्राहक क्रमांक आणि शेवटची तीन बिले किंवा पावत्या
– राउटरच्या पानांचे स्क्रीनशॉट
– त्या तारखांची पाहुण्यांची नोंदवही (होमस्टे असल्यास)
– वाय-फायचा पासवर्ड केव्हा बदलला याची नोंद
– केबलवाल्याशी झालेले व्हॉट्सॲपवरील संभाषण

स्थानिक केबलवाल्याबद्दल थोडे सांगायला हवे. कोकणात फायबर ओढणारा, पावसात खांबावर चढणारा आणि महिन्याचे पैसे घेणारा माणूस तोच असतो, म्हणून सगळे काही त्यालाच सांगायची सवय असते. परंतु तो बहुतेकदा मोठ्या कंपनीचा फ्रँचायझी असतो. ‘मी बघतो, तुम्ही काळजी करू नका’ हे त्याचे आश्वासन मनापासूनचे असते, पण कंपनीच्या दप्तरी त्याची नोंद होत नाही. त्याला कळवावेच, उत्तर मात्र कंपनीला द्यावे.

७. उत्तर लिहा आणि सेवा बंद झाल्यास वर दाद मागा

उत्तर छोटे, लेखी आणि वस्तुस्थितीपुरते असावे. मोठ्या कंपनीच्या तक्रार कक्षाकडे इंग्रजी मसुदाही जोडावा, म्हणजे तो अडकून राहत नाही. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. ग्राहक क्रमांक अमुक ही जोडणी माझ्या नावावर असून ती कुटुंबीय व निवासी पाहुणे वापरतात. पत्रात नमूद केलेली फाइल मी उतरवलेली किंवा वाटलेली नाही. पत्र मिळताच वाय-फायचा पासवर्ड बदलला असून पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे सुरू केले आहे. सदर तक्रार माझ्या जोडणीशी कशी जुळवण्यात आली, त्यासाठी वापरलेला पोर्ट क्रमांक व भारतीय प्रमाणवेळ कळवावी. माझी बाजू ऐकल्याशिवाय सेवा खंडित करू नये, ही विनंती.’

यातील ‘मी उतरवलेली नाही’ हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. खरे नसेल तर ते वाक्य गाळावे आणि वकिलाशी बोलावे. खोटा लेखी नकार नंतर गळ्याशी येतो. ‘मुलाने चुकून केले, माफ करा’ असेही लिहू नये. आपल्याला ती दिलगिरी वाटते, पण कागदावर तो कबुलीजबाब असतो, आणि तोही दुसऱ्याच्या वतीने दिलेला. पाहुण्याचे नाव तर कंपनीला कळवूच नये. त्याने केले याची आपल्याला खात्री नसते आणि त्याची माहिती कंपनीला देण्याचा आपल्याला अधिकारही नाही.

पत्रव्यवहार चालू असताना इंटरनेट गेले, तर लगेच ‘तोडले’ असे समजू नये. जुलै-ऑगस्टमध्ये माडाची झावळी पडूनही फायबर तुटते. फायबरच्या डब्यावरील ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल, तर तार तुटली आहे आणि काम केबलवाल्याचे आहे. तो दिवा विझलेला, ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा आणि तरीही इंटरनेट नाही, असे असेल तर अडचण बहुधा खात्याच्या बाजूची आहे.

सेवा खरोखरच थांबवली असेल, तर दाद मागण्याचा क्रम पाळावा. आधी कंपनीच्या ग्राहक केंद्रात तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्यावा. तो नसेल तर पुढे कोणीही विचारत नाही. उत्तर न पटल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते. त्यावर ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. प्राधिकरण स्वतः वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, त्यामुळे दिल्लीला थेट पत्र पाठवून उपयोग होत नाही. याशिवाय माहिती तंत्रज्ञान नियमांखाली कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. मूळ २०२१ च्या नियमांत त्याने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निकाल द्यावा, असे होते. मुदती दुरुस्त्यांनी बदलतात, म्हणून चालू नियम पाहून घ्यावेत. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडेही तक्रार जाते. शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पाहुण्यांनी वाय-फाय नाही म्हणून खोल्या रद्द केल्या असतील, तर ते संदेश जपून ठेवावेत. मात्र घरगुती दराची जोडणी धंद्यासाठी वापरली, असा उलट प्रश्न तिथे येऊ शकतो, हे जमेस धरूनच पुढे जावे.

८. पोलिसांचा किंवा वकिलाचा कागद आल्यास

इथे स्वतःच्या हुशारीवर विसंबू नये. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला किंवा त्यास साहाय्य करणाऱ्याला किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कृत्य धंद्यातील फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरवले. या कलमातील ‘जाणूनबुजून’ हा शब्द जोडणीधारकाच्या दृष्टीने कळीचा आहे, आणि म्हणूनच पहिली नोटीस मिळाल्यावर आपण काय केले याला महत्त्व येते. नोटीस वाचून ती तशीच ठेवली आणि महिन्याभराने दुसरी आली, तर ‘मला काही माहीत नव्हते’ हे म्हणणे टिकणे कठीण.

पोलीस सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची किंवा कलम ९४ खाली कागदपत्रे अथवा वस्तू सादर करण्याची नोटीस देतात. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. तेवढ्यावरून तसा संदेश दुर्लक्षित मात्र करू नये, पोलीस ठाण्यात वकिलामार्फत खात्री करावी. हजर राहावे, मागितलेले तेवढे द्यावे, यंत्र जप्त झाल्यास पंचनाम्याची प्रत मागावी. पाहुण्यांची नोंदवही दाखवायची ती इथे, रीतसर लेखी मागणीवर. वकिलाची नोटीस असल्यास तिच्यातील मुदत संपण्यापूर्वी आपल्याही वकिलामार्फत उत्तर जावे.

९. पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे करा

पाहुण्यांसाठी राउटरमध्येच ‘गेस्ट’ नावाचे स्वतंत्र जाळे उघडता येते. त्याला वेगळा पासवर्ड द्यावा आणि खोली रिकामी झाली की तो बदलावा. ओटीवरच्या भिंतीवर कायमचा रंगवलेला पासवर्ड म्हणजे वाडीतल्या सगळ्यांना खुले आमंत्रण. २००८ मध्ये नवी मुंबईतील एका उघड्या वाय-फायवरून दहशतवाद्यांनी ईमेल पाठवला होता आणि तपास आधी तिथल्या निरपराध रहिवाशापर्यंत गेला; दूरसंचार विभागाने २००९ मध्ये वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या त्या अशाच घटनांनंतर. राउटरमध्ये टोरेंट रोखण्याची सोय असेल तर ती सुरू करावी, पण तिच्यावर फार विसंबू नये; नेहमीचे पोर्ट (६८८१ ते ६८८९) बंद केले तरी हल्लीची सॉफ्टवेअर दुसरी वाट काढतात. व्हीपीएन (आपला आयपी पत्ता लपवणारी सेवा) घेऊन सगळे झाकण्याचा सल्लाही मिळेल. त्याने नोटीस येणे कदाचित थांबेल, जोडणीवर जे चालले आहे ते थांबणार नाही.

पाहुण्यांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: ‘वाय-फायवरून चित्रपट, संगीत वा सॉफ्टवेअरची विनापरवाना देवाणघेवाण करणार नाही’ आणि पुढे सही. पुण्या-मुंबईची मंडळी त्यावर हसतात, पण सही करतात. वाय-फायचे वेगळे पैसे घेत असाल, तर घरगुती जोडणीच्या अटींत ते बसत नाही. त्यासाठी २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेचा मार्ग आहे. त्यात दुकानदार किंवा होमस्टेचालक परवान्याशिवाय सार्वजनिक डेटा कार्यालय, म्हणजे लोकांना वाय-फाय पुरवणारे केंद्र, चालवू शकतो आणि वापरणाऱ्याची ओळख त्या व्यवस्थेतच पटवली जाते.

राहिले जोडणीवरचे नाव. ती वारलेल्या वडिलांच्या, गाव सोडलेल्या भावाच्या किंवा आधीच्या भाडेकरूच्या नावावर असेल, तर नोटीस त्यांच्या जुन्या ईमेलवर जाते, तिथे कोणी वाचत नाही आणि आपल्याला कळते ते थेट सेवा बंद झाल्यावर. नाव बदलण्यासाठी आधार कार्ड, घरपट्टीची पावती किंवा वीजबिल, मूळ ग्राहक हयात असल्यास त्याचे संमतीपत्र आणि नसल्यास मृत्यूचा दाखला लागतो. अर्ज केबलवाल्याकडे दिला तरी त्याची पोच कंपनीकडून घ्यावी आणि पुढच्या बिलावर नाव व ईमेल बदलले का, हे पाहावे.